घाट न उतरलेली फाइल

त्या दिवसांत फैज ट्रकचं तोंड बघत नसे, पाठ बघत असे. हायवेवरून गाडी गेली की हातातलं काम तसंच टाकून तो गॅरेजच्या दाराशी यायचा. तिच्या मागच्या फाळक्याकडे पाहायचा. परत आत जायचा. त्याला निळी मासोळी रंगवलेला एक ट्रक हवा होता.

तो सापडायच्या आत कुठल्या उतारावर गेला तर माणूस मरणार होता. हे फैजला माहीत होतं आणि मला माहीत होतं. त्या ट्रकच्या ड्रायव्हरला माहीत नव्हतं.

फैज माझा शाळेपासूनचा मित्र. बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. मग मी यवतमाळला मराठी घेऊन एम.ए. केलं आणि तो पांढरकवड्यातच त्याच्या अब्बांच्या हाताखाली गेला. आता मी इथल्याच कॉलेजात तासिकेवर शिकवतो. दुपारी रिकामा असतो. गॅरेजमध्ये एका भंगारातल्या ट्रकची सीट टाकलेली आहे, तिच्यावर जाऊन बसतो. पाहिलेलं लिहितो आहे. ते मला अजून नीट कळलेलं नाही.

फैजचे अब्बा नजीरचाचा. ट्रकच्या वायरिंगचं काम करण्यात त्यांची हयात गेली. गॅरेजच्या मागे त्यांचा स्वतःचा एक ट्रक उभा असतो, फैजपेक्षा वयाने मोठा. त्याला सगळे बुढी म्हणतात. बुढी भाड्याला जात नाही. तिचं काम एकच. दुकानात येणारा कोणताही पार्ट, असली असो की नकली, आधी बुढीत बसतो. मागे रेतीची पोती भरायची, यवतमाळच्या वाटेवरच्या घाटात जायचं, चढायचं आणि उतरायचं. पार्ट टिकला तर गिऱ्हाइकाच्या गाडीत.

"सपाटीवर तं बैलगाडीबी चालते," चाचा म्हणतात. "घाट उतरू दे, मंग बोल."

ड्रायव्हर लोकांना ही पद्धत माहीत होती. ते बिल मागत नसत, गॅरंटी मागत नसत. पार्ट हातात घेऊन एवढंच विचारत, "घाट उतरला काय?" चाचा म्हणत, "उतरला." झालं. काही जण तर रामराम म्हणावा तसं ते विचारायचे. चहाच्या कपाकडे बोट दाखवूनही विचारायचे.

मग कंप्युटरच्या गाड्या आल्या. चाचांनी एकदा अशा गाडीच्या आत डोकं घातलं, बराच वेळ पाहिलं आणि बाहेर काढलं.

"हे टीव्ही हाये," ते म्हणाले. "हे माह्या कामाचं नाही."

ते फैजच्या कामाचं होतं. त्याने नागपूरला जाऊन कोर्स केला. स्कॅनर घेतला, लॅपटॉप घेतला. फैजच्या अम्मी, सुग्राबी चाचींनी, लॅपटॉपला लोबानाचा धूर दिला. दुकानाच्या पाटीखाली फैजने स्वतः रंगवलं: येथे स्कॅनिंग करून मिळेल. अक्षर चांगलं होतं. शाळेत फळ्यावरचा सुविचार तोच लिहायचा.

या गाड्यांचा एक आजार होता. एखादा सेन्सर खराब झाला की समोर दिवा लागायचा आणि गाडीची ताकद निघून जायची. भरलेला ट्रक सायकलच्या वेगाने चालायचा. सेन्सर बदलणं सोपं होतं. पण बदलल्यावर ते गाडीच्या कंप्युटरला सांगावं लागतं, त्याशिवाय तो मानत नाही. सांगण्यासाठी कंपनीचं नवं सॉफ्टवेअर लागायचं, आणि ते फक्त कंपनीच्या वर्कशॉपात मिळायचं. ते नागपूरला. तिथे रांग. ड्रायव्हर गाडीखाली चटई टाकून वाट पाहायचे. कोणाचे टमाटे सडायचे.

फैजच्या मोबाइलवर मेकॅनिकांचा एक ग्रुप होता. त्यात गुरुजी नावाचा कोणीतरी होता. त्याला चेहरा नव्हता, गाव नव्हतं. तो गाडीच्या कंप्युटरात भरायच्या फाइलींची पॅकेजं टाकायचा. एक दिवस त्याने याच आजारावरचं पॅकेज टाकलं. खाली लोकांनी अंगठे दाखवले. सब का चल रहा है भाई, असं एकाने लिहिलं.

फैजने ते उतरवून घेतलं तेव्हा लॅपटॉपने लाल पट्टी दाखवली. हे उघडू नका, कोणी बनवलं ते माहीत नाही, असं ती पट्टी सांगत होती. ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, अँटिव्हायरस बंद कर, सगळे करतात. फैजने बंद केला.

"ते ओरडतच असते," तो मला म्हणाला.

पण घरची पद्धत त्याच्या अंगात होती. तो मागे चाचांकडे गेला. ते बुढीखाली आडवे होते.

"अब्बा, नवी फाइल आली. बुढीत कशी टाकू? तिच्यात कंप्युटरच नाही."

बुढीखालून आवाज आला. "वजन हाये काय त्याले?"

"नाही."

"घासते?"

"नाही."

"गरम होते?"

"नाही अब्बा. ते नुसतं लिहिलेलं असते."

"मंग लिहिलेल्याले कायचा घाट? टाक."

आम्ही तिघंही हसलो. फैज माझ्याकडे पाहून म्हणाला, "पाह्य गोप्या, तुह्या पुस्तकाइचंबी असंच असते ना?"

पहिली गाडी फुलचंदकाकांची. ते उमरखेडकडच्या तांड्यावरचे. ढाणकीच्या बाजारातून हळद भरायचे आणि दक्षिणेला न्यायचे. एकच ट्रक, तोही स्वतः चालवायचे. फैज लहान असताना त्यांनी त्याला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला दिलं होतं. ही गोष्ट ते दर वेळी नव्याने सांगत.

फाइल टाकली. दिवा विझला. गाडी केळापूरच्या टोलपर्यंत जाऊन आली. फुलचंदकाका खुशीत होते.

"मांजरावानी गुरगुरते रे!"

निघताना त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. सवयीने विचारलं, "घाट उतरली काय रे फाइल?"

फैज कपड्याने हात पुसत होता.

"उतरली, काका."

गाडी गेली. तो हात पुसतच राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

त्यानंतर गाड्या येत गेल्या. फुलचंदकाकांनीच सांगितलं होतं रस्त्यात भेटेल त्याला. दहा-बारा झाल्या असतील. कोणी विचारलं तर फैज तेच उत्तर द्यायचा. दुसऱ्यांदा त्याला हात पुसावे लागले नाहीत.

पावसाळा संपत आला होता तेव्हा फोन आला. फैजचे हात ग्रीसने भरलेले होते म्हणून मी फोन उचलून स्पीकरवर ठेवला.

"फैज, बेटा." फुलचंदकाकांचा आवाज बारीक येत होता. मागे कोणीतरी तेलुगूत बोलत होतं.

"बोला काका. कुठं पोचले?"

"दवाखान्यात."

त्यांनी सगळं सांगितलं. घाईने नाही. ते निर्मलच्या अलीकडच्या घाटात होते. लांब उतार. पाय रेसवरून काढलेला, गाडी गिअरमध्ये. आणि इंजिन आपोआप बंद पडलं. स्टिअरिंग दगडासारखं झालं. चालू केलं, परत बंद. ब्रेकची हवा कमी होत चालली होती. पुढे शाळेची मुलं रस्त्याच्या कडेने जात होती. त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली.

"पाय गेला चिपाडावानी," ते म्हणाले. "आहे जाग्यावर, पन गेला. हळद सांडली सारी. घाट पिवळा झाला. लोक इचारत व्हते, लगन कोनाचं हाये म्हनून."

ते हसले. आम्ही हसलो नाही.

"फैज."

"हो काका."

"ते फाइल घाट उतरली व्हती काय?"

गॅरेजमध्ये एक जुना पंखा आहे. तो आवाज करतो. त्या दिवशी मला तो फार मोठ्याने ऐकू आला.

"नाही, काका."

"मले तं तू उतरली म्हनलं."

"खोटं बोललो."

पलीकडे कोणीतरी ट्रॉली ढकलत नेली. मला वाटलं काका शिव्या देतील. मी मनात म्हणत होतो, द्या.

"मंग बाकीच्याइले सांग," ते म्हणाले. "तिघा-चौघाइले मीच धाडलतं तुह्याकडं. माह्या जिभेवर आले ते. लवकर सांग. घाट कोनाले कवा लागन, काय भरोसा."

फोन बंद झाला. फैज लॅपटॉपजवळ गेला, पण तो उघडला नाही. त्यावर हात ठेवून उभा राहिला. झाकणावर ग्रीसचा पंजा उमटला. तो अजून आहे.

चाचा मागून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मीच म्हनलं व्हतं, टाक," ते म्हणाले.

"तुम्हाले माहीत नव्हतं अब्बा. मले लाल पट्टी दिसली व्हती."

चाचा बाहेर जाऊन बुढीच्या टायरला टेकून बसले. नमाजची वेळ झाली तेव्हा सुग्राबी चाचींनी हात धरून उठवलं.

काय चुकलं ते फैजने नंतर शोधलं. सपाटीवर काही व्हायचं नाही. चढावर काही व्हायचं नाही. लांब उतारावर रेसवरून पाय काढून बराच वेळ गेला की त्या फाइलमुळे इंजिनला परत डिझेल मिळायचं नाही. ते मुद्दाम केलं होतं की गुरुजीच्या हातून राहून गेलं होतं, कोण जाणे. एका घाटात कळलं असतं.

ती फाइल काढून मूळची परत टाकायला नागपूरचं वर्कशॉपच लागणार होतं. मग फोन सुरू झाले.

मला वाटलं होतं की हे काम सोपं आहे. माणसाला सांगायचं, तुझी गाडी धोक्यात आहे, थांब. माणूस थांबेल. तसं होत नाही.

"अबे, मख्खन चालून राह्यली गाडी!" भीमसिंग म्हणाला. तो तेव्हा कुठेतरी ओरिसाच्या रस्त्यावर होता. "तुले काहून पोटात दुखून राह्यलं?"

"भीमसिंगभाऊ, घाटात बंद पडते."

"तूच म्हनलं व्हतं, घाट उतरली."

"नव्हती उतरली."

"म्हंजे तवा खोटं बोलत व्हता का आता बोलून राह्यला? एक काय ते सांग बाप्पा, मले डिझेल भराचं हाये."

दुसरा म्हणाला, "नागपूरच्या रांगेतून तूच काढलं ना मले? आता तूच म्हनते रांगेत लाग. वा रे डाक्टर!" तिसऱ्याला वाटलं, फैज कंपनीच्या वर्कशॉपाला सामील झाला आणि गिऱ्हाइकं धाडतो आहे. चौथ्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं, आता नवी फाइल कोनती टाकू?"

फैज प्रत्येकाला तेच सांगायचा. तोच आवाज, तेच शब्द. सकाळी, दुपारी. जेवताना घास बाजूला ठेवून. त्याचा घसा बसला. खोटं एका शब्दात सांगून झालं होतं. खरं सांगायला त्याचे दिवस चालले होते.

"तू लिही काहीतरी," तो मला म्हणाला. "तू शिकलेला हायेस. सगळ्याइले धाडू."

मी लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, असं मला वाटलं. जबाबदारी होती, विश्वास होता, मानवी जीवनाचं मोल होतं. फैजने वाचलं. सगळं पुसलं आणि लिहिलं: घाट उतरू नका. मी खोटं बोललो. फैज, पांढरकवडा.

ते जास्त चाललं. दोघं-तिघं त्याच आठवड्यात नागपूरला जाऊन आले.

गुरुजीच्या ग्रुपवरही त्याने लिहिलं. या पॅकेजने एका माणसाचा पाय गेला, कोणी टाकू नका. थोड्या वेळाने पाहिलं तर त्याला ग्रुपमधून काढून टाकलेलं होतं. पॅकेज तिथेच होतं. दुसऱ्या एका मेकॅनिकच्या फोनवर मी ते पाहिलं. खाली अंगठे वाढले होते.

पाटीखालचं सुंदर अक्षर फैजने काळ्या रंगाने पुसून टाकलं. स्कॅनिंगसाठी कोणी आलं तर तो नागपूरचा रस्ता दाखवायचा. लोक शिव्या देऊन जायचे. तो म्हणायचा, बरोबर आहे.

एक दिवस भीमसिंगचा फोन आला. या वेळी आवाजात टर नव्हती.

"फैज, घाटाच्या डोक्यावर हावो. काल एका लहान उतारावर खोकलली गाडी. रात्रभर झोप नाही. आता?"

"तिथंच थांबा भाऊ. उतरू नका. टोचन बोलवा, गाडी ओढून न्या."

"थांबलोच हावो रे," भीमसिंग म्हणाला. "तुह्या घाटाच्या..." पुढची शिवी त्याने अर्धी सोडून दिली.

असे एकेक झाले. राहिला एक. लखनचा ट्रक.

लखन वणीकडचा. त्याने तोपर्यंत गाडी विकून टाकली होती. ज्या दलालाला विकली त्याने पुढे विकली. परराज्यात, नंबरप्लेट बदलून, एवढंच तो बोलला; कोणाला, ते सांगायला तयार नव्हता. विकलेल्या गाडीचा दोष कोण ऐकून घेतो? नव्या मालकाचा फोन नंबर लखनकडे नव्हता. त्याने एवढंच सांगितलं, "फाळक्यावर मासोळी हाये. माह्या पोरीनं काढून देलती पेंटरले. मासोळीले पापण्या हायेत. पेंटर म्हने, मासोळीले पापण्या नसतात. पोरगी आयकेना."

म्हणून फैज ट्रकच्या पाठी पाहायचा. मीही पाहू लागलो. वर्गात शिकवतानाही बाहेर हॉर्न वाजला की माझी मान वळायची. हायवेवर मोर होते, कमळं होती, डोळे वटारलेले राक्षस होते. मासोळी नव्हती. ती कदाचित या रस्त्याने येणारच नव्हती. हे आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

दिवाळी होऊन गेली. एका दुपारी समोरच्या ढाब्यावर एक ट्रक येऊन थांबला. फाळका नवा हिरवा रंगवलेला. फैजने पाहिलं आणि वळला. मग परत वळला. तो रस्ता ओलांडून गेला आणि फाळक्याशी खाली बसला. मी मागे धावलो. एकाच हाताचा स्वस्त रंग होता. खालून काहीतरी निळसर दिसत होतं. फैजने अंगठ्याने धूळ पुसली.

पापण्या होत्या.

ड्रायव्हर राजस्थानातला होता. खाटेवर बसून दाल-रोटी खात होता. फैजने त्याला सगळं सांगितलं. तो खाता खाता ऐकत राहिला.

"कंपनी का है तू?"

"नहीं."

"फिर तुझे कैसे मालूम?"

"मैंने ही डाला था."

ड्रायव्हर चावायचा थांबला. मग मोठ्याने हसला आणि ढाबेवाल्याला म्हणाला, "सुना? खुद ने डाला, खुद ही बोल रहा खराब है. ऐसा दुकानदार पहली बार देखा."

"हैदराबाद मत जाओ. आगे घाट है."

"घाट तो भाई सब जगह है. माल टाइम पे देना है."

फैज आणखी बोलला असता, पण त्याच्याजवळ नवं काही नव्हतं. तो रस्ता ओलांडून गॅरेजमध्ये आला. बुढीच्या मागून त्याने चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा उचलला. पाण्याची बाटली घेतली. तेव्हा मला कळलं.

"फैज, येडा झाला काय?"

"तो ऐकत नाही तं काय करू? घाट तं उतरनारच हाये तो."

चाचा उठून उभे राहिले. मला वाटलं ते अडवतील.

"पहिल्या गिअरात," ते म्हणाले. "उतार लागायच्या आधी. हवा पुरी भरून घे. डोंगराच्या अंगानं चालव म्हना त्याले."

"हो अब्बा."

"पाय काढू देऊ नको रेसवरून."

"हो."

ड्रायव्हरला फुकटचा सोबती मिळाला. त्याने खांदे उडवले. हिरवा फाळका दक्षिणेला लहान होत गेला. चाचा मागे जाऊन बुढीच्या केबिनमध्ये चढले आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले. बुढी जागची हलली नाही. मी त्यांच्या बाजूला बसलो. चाचींनी चहा आणून दिला. तो गार झाला.

दिवस मावळताना माझा फोन वाजला. चाचांनी तो माझ्या हातातून घेतला. आयुष्यभर जे दुसऱ्यांनी त्यांना विचारलं ते त्यांनी विचारलं.

"उतरली काय?"

"उतरलो," फैजचा आवाज आला. तो आवाज त्याचा वाटत नव्हता. "पाय सुटलाच त्याचा रेसवरून, दोनदा बंद पडली. चालायच्या वेगानं व्हतो म्हनून लाकूड लावता आलं."

"अन् ड्रायव्हर?"

"खाली उतरून उलटी केली त्यानं. आता गप बसून हाये. माल दुसऱ्या गाडीत टाकतो म्हनते. गाडी टोचन लावून नागपूरले नेनार हाये तो."

चाचांनी फोन मला परत दिला. तो माझ्या मांडीवर ठेवला, कारण मी हात पुढे केला नव्हता.

फैज दुसऱ्या दिवशी एस.टी.ने आला. ठोकळा त्याच्या बगलेत होता. तो भंगारातल्या सीटवर आडवा झाला आणि तसाच झोपला. त्याच्या चेहऱ्यावर माशा बसत होत्या. चाची पदराने त्या वारत राहिल्या.

सगळं नीट झालं, असं मी लिहिलं असतं. पण तसं झालं नाही. गिऱ्हाइकं कमी झाली. जी येतात ती वस्तू हातात घेतात, उलटसुलट पाहतात आणि निघून जातात. घाट उतरला काय, असं कोणी विचारत नाही. फैज वाट पाहतो. उत्तर तयार असतं, खरं असतं, पण विचारणारा नसतो. चाचांना याचंच जास्त लागलेलं आहे. ते आता बुढीला घाटात नेतात तेव्हा फैजलाही सोबत नेतात. दोघं जातात, उतरतात, येतात.

मागच्या आठवड्यात फुलचंदकाका आले. गाडी दुरुस्त झाली आहे. भाचा चालवतो, काका बाजूला बसतात. ते काठी टेकत आत आले. पाय आतल्या बाजूला वळलेला. फैज उठून उभा राहिला आणि काय करावं ते न कळून परत बसला.

"मागचा दिवा जळून राह्यला नाही," काका म्हणाले. "होल्डर पाह्यजे."

फैजने डब्यातून नवा होल्डर काढून दिला. काकांनी तो उजेडात धरला. तार ओढून पाहिली. मग फैजकडे पाहिलं.

"घाट उतरला काय?"

फैजच्या हातात कपडा होता. तो त्याने खाली ठेवला.

"नाही, काका. कालच आला. उद्या उतरवतो."

काकांनी होल्डर त्याच्या हातात परत दिला. काठी भिंतीला टेकवली आणि पाय धरून हळूहळू त्या सीटवर बसले. मी सरकून जागा दिली.

"मंग थांबतो उद्यापर्यंत," ते म्हणाले. "चहा तं सांगशीन."